बाराच्या बारा चांदण्या

आमच्या कचेरीतल्या दारांवरच्या पाट्यांचा प्रोग्रॅम मीच लिहिला. नाव बारा अक्षरांपेक्षा कमी भरलं, तर उरलेल्या जागी चांदण्या भरायच्या, म्हणजे पाट्या एकसारख्या दिसतात. माझं नाव पंधरा अक्षरी, त्यामुळे चांदणी एकही नाही. शेजारच्या खोलीतल्या माझ्या साडूचं नाव दोन अक्षरी. त्याला दहा.

एकदा सासूबाई कचेरी बघायला आल्या आणि साडूच्या दारापुढे थबकल्या.

"दहा चांदण्यांचा साहेब झाला की हा. जावईबापू, तुम्हाला एकही नाही?"

"आई, ती नुसती रिकामी जागा आहे हो."

"असेल, असेल. पण जळू नये माणसानं."

मी इतका जळलो की माझ्या कॉलरमधून धूर निघाला आणि कारकुनांनी खिडक्या उघडल्या. त्याच दुपारी मी पाटीवरून वडिलांचं नाव आणि आडनाव उडवलं. उरली चार अक्षरं, मिळाल्या आठच चांदण्या. मग इरेला पेटून सगळं नावच पुसलं. बाराच्या बारा! शिपाई येता-जाता दाराला सलाम ठोकू लागला.

चौथ्या दिवशी मोठे साहेब पाटी बघून म्हणाले, "ही खोली कुणाचीच दिसत नाही," आणि त्यांनी ती साडूला देऊन टाकली.

हल्ली मी जिन्याखाली बसतो. साडूच्या दोन दारांवर मिळून वीस चांदण्या आहेत.