बदलापूरच्या दाराची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. घराच्या दारावर नावाची पाटी लावतात ना, तीच मी. माझ्या बहिणींचं आयुष्य दारावर गेलं. येणारेजाणारे त्यांना वाचतात, पोस्टमन त्यांना ओळखतो. माझं आयुष्य मात्र घाटकोपरच्या एका फडताळात, देवांच्या तसबिरीमागे गेलं.

माझा जन्म १९८१ सालचा. घाटकोपर स्टेशनजवळ एका जिन्याखाली गुणाजी नावाचे कारागीर नावं कोरत बसायचे. त्यांच्याकडे एका संध्याकाळी काशीराम परब आले. गिरणीतून सुटून थेट आले होते, केसांत अजून कापूस होता.

"नाव काय घालू?" गुणाजींनी विचारलं.

"वनमाला परब."

"ह्या कोण?"

"बायको माझी."

"मग तुमचं नाव वर घालू की खाली?"

"माझं नको. घर तिचं आहे."

गुणाजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मग अक्षरं जरा मोठी काढतो," ते म्हणाले. छिन्नीच्या एकेका टोल्यासरशी मी वनमाला परब होत गेले.

वनमालाबाई लग्न होऊन कोकणातून आल्या त्या घाटकोपरच्याच भटवाडीतल्या चाळीत, दिरांच्या खोलीत. खोली दिरांच्या नावावर, स्वयंपाकघर जाऊबाईंचं. जाऊबाईंचं नाव जानकी. बाई तशी वाईट नव्हती, पण वनमालाबाईंच्या वाट्याला मांडणीची अर्धी फळी आणि निजायला दारामागची जागा, एवढंच आलं. पाहुणा आला की त्यांनी अंथरूण गुंडाळायचं. गिरणीतल्या एकट्या माणसांना जेवणाचे डबे करून देता देता त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळायची. आपलं एक दार असावं.

मुलुंड, बोरिवली त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. बदलापूर तेव्हा इतकं लांब वाटायचं, की लोक हसायचे. तिथे नवी इमारत उभी राहत होती आणि घरं स्वस्त होती. डब्यांची शिल्लक घालून आणि बांगड्या मोडून वनमालाबाईंनी एक खोली घेतली. काशीरामांनी बेत सांगितला, "आता भाड्यान देऊया गो. भाड्यातून हप्ते फिटतील. दोन वर्सांनी आपण ऱ्हवाक जाऊ."

वास्तूच्या दिवशी काशीरामांनी मला दारावर बसवलं. दूध उतू गेलं, देवाला नमस्कार झाला. मग वनमालाबाई बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि मला वाचलं. एकदा, मग बोट फिरवत पुन्हा एकदा. आणि त्यांनी स्वतःच्याच दाराची कडी वाजवली.

"कोण?" आतून काशीरामांनी विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या, आणि एकट्याच लाजल्या.

गॅलरीतून लांबवर डोंगर दिसत होते. त्या कितीतरी वेळ तिथे कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. संध्याकाळी काशीरामांनी मला उतरवलं, कारण दुसऱ्या दिवशी भाडेकरू येणार होते आणि जो राहतो त्याचं नाव दारावर हवं. वनमालाबाईंनी मला खणात गुंडाळलं. "दोनच वर्षं," त्या मला म्हणाल्या.

भाडेकरू होते भीमराज आणि सुंदराबाई. मूळचे जालन्याकडचे. भीमराज अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, आणि त्यांना सुगंधा नावाची लहान मुलगी होती.

मग गिरण्यांचा संप झाला. सुरुवातीला सगळे म्हणत होते, महिनाभरात मिटेल. गिरणी पुन्हा उघडली नाही ती नाहीच. डबे खाणारी माणसं गावी गेली आणि वनमालाबाईंची चूलही थंडावली. त्या दिवसांत घरात जे शिजलं, ते बदलापूरच्या भाड्यावर. भीमराजांनी भाडं एकदाही चुकवलं नाही. खोली घर चालवत होती, आणि म्हणूनच तिथे राहायला जाता येत नव्हतं.

दर दसऱ्याला वनमालाबाई मला बाहेर काढायच्या. चिंच लावून घासायच्या, फडक्याने पुसायच्या. एकदा जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पाटी चकचकीत झाली गो, पण दार खंय आसा?" वनमालाबाई हसल्या. मला मात्र त्यांचा हात थांबलेला कळला.

भाडं आणायला त्या बदलापूरला जायच्या आणि आल्यावर काशीरामांना सांगायच्या. सुंदराबाईंनी भिंतीला निळा रंग दिला. गॅलरीत कढीपत्ता लावला. "मी तिथे तुळस लावणार होते," त्या म्हणायच्या. मग जरा थांबून, "पण चहा बरा करते हो बाई."

काशीरामांना पुढे मुलुंडच्या एका कंपनीत कायमची नोकरी लागली. जाऊबाईंच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं, म्हणजे दारामागची जागाही आता जाणार होती. १९८७च्या उन्हाळ्यात वनमालाबाईंनी मला पिशवीत घातलं आणि बदलापूर गाठलं.

सुंदराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. वनमालाबाई म्हणाल्या, "आता आम्हाला राहायला यायचंय. मेअखेर खोली मोकळी करून हवी."

"बरोबर आहे, ताई," सुंदराबाई म्हणाल्या. "दोन वर्सं म्हणून आलो न्‌ सहा राह्यलो. आमचं शोधनं चालूच हाय."

"मग मिळत नाही का कुठे?"

सुंदराबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "आडनाव इचारतात. मंग म्हनतात, खोली कालच गेली."

वनमालाबाईंनी पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "चला, मी येते तुमच्याबरोबर."

दोघी उन्हातून निघाल्या. पिशवीत मी होतेच. दोन ठिकाणी खरंच जागा नव्हती. तिसरं घर एका भल्या दिसणाऱ्या गृहस्थांचं होतं. त्यांनी वनमालाबाईंना खुर्ची दिली.

"आडनाव काय आपलं?"

"परब."

"वा, कोकणातले का? खोली रिकामीच आहे. आजपासून घ्या हवी तर."

"मला नको. ह्या सुंदराबाईंना हवी आहे. सहा वर्षं माझ्या घरात राहतात. माणसं सोन्यासारखी आहेत."

गृहस्थांनी सुंदराबाईंकडे पाहिलं. त्यांचं आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर आत जाऊन आले आणि म्हणाले, "विसरलोच होतो. मेव्हण्यांना शब्द दिलाय."

वनमालाबाई उठल्या. "तुम्ही मला आत्ता आजपासून घ्या म्हणालात."

"ते वेगळं हो, वहिनी."

दोघी परत फिरल्या. सुंदराबाईंना ह्याची सवय होती. वनमालाबाईंना नव्हती, त्यामुळे त्याच रडत होत्या. घरी पोचल्या तेव्हा सुगंधा गॅलरीत बसून मोठ्याने इतिहास वाचत होती. पुढच्या वर्षी तिची दहावी. वनमालाबाई तिच्याकडे आणि मागच्या डोंगरांकडे बघत उभ्या राहिल्या. पिशवीवर त्यांचा हात होता, मी त्या हाताखाली होते. मला वाटलं, आता काढतील. चार स्क्रू आणि एक दार, मला आणखी काय हवं होतं?

"राहा तुम्ही," त्या म्हणाल्या.

"ताई, तुमचं काय?"

"बघू. मला मिळेल कुठेतरी."

घाटकोपरला काशीरामांनी विचारलं, "पाटी लावलीस?" वनमालाबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि सगळं सांगितलं. काशीरामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्यापासून आपण ह्याच चाळीत पोटभाड्यान खोली बघूया." चाळीतली एक अंधारी खोली मिळाली. दार दुसऱ्याच्या नावाचं होतं, म्हणून मी पुन्हा फडताळात गेले.

खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. वनमालाबाईंनाही त्यांच्या निर्णयाचं सुख झालं नाही. उन्हाळ्यात खोली तापली की त्या म्हणायच्या, "तिथे गॅलरीत वारा असेल." एकदा म्हणाल्या, "मी चूक केली का हो?" काशीराम म्हणाले, "माका ठावूक नाय. पण मीही तसाच केला असता."

१९८९ साली भीमराजांनी स्वतःचं घर बांधलं. सुंदराबाई किल्ली द्यायला आल्या, कढीपत्त्याचं रोप घेऊन. बदलापूरचं दार अखेर मोकळं झालं. पण तोवर काशीरामांच्या छातीत गिरणीचा कापूस बसला होता. डॉक्टर म्हणाले, इस्पितळापासून लांब जाऊ नका. वनमालाबाईंनी मला हातात घेतलं, पुसलं, आणि परत ठेवलं.

नवीन भाडेकरू बघायला एक जोडपं आलं. नवरा नाव सांगायला लागला, तेव्हा वनमालाबाईंनी त्याला थांबवलं. "ते पुढे कळेलच," त्या म्हणाल्या. "गॅलरीत सकाळी ऊन येतं. चालेल ना?"

मित्रांनो, मला अजूनही दार हवं आहे. रात्री भटवाडीत कुणाची कडी वाजली की माझं पितळ शहारतं. तुमच्या घराच्या दारावर पाटी असेल, तर तिच्यावरची धूळ अधूनमधून पुसा. आणि तुमच्या दारात कुणी खोली विचारत आलं, तर आधी त्याला पाणी द्या. येणारं माणूस लांबून चालत आलेलं असतं.