वकीलबाईंनी दिलेली नऊ उत्तरं

परमुलखात येऊन वसलेल्या या समाजाची इनमिन साठ घरं, आणि त्या साठ घरांत इथल्या लोकांची भाषा फाडफाड बोलणारी बाई एकच. शिवणकारखान्यात तीस वर्षं मुकादमाशी भांडून भांडून ती शिकलेली. शाळा तिसरीपर्यंत; पण कुणाचा दाखला अडो नाहीतर कुणाचं पोट दुखो, बोलायला पुढे हीच. म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत.

आज वकीलबाई स्वतःच्याच सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. सात आठवड्यांच्या नातवाला लस टोचायची, एवढंच काम. पण नर्सनं सुनेचा चेहरा बघितला आणि दार लावून घेतलं.

चेहरा होताच तसा. बाळ रडलं तरी ही भिंतीकडे बघत बसे. प्रार्थनाघरातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, श्रद्धा कमी पडतेय. मग दोन्ही वेळा प्रार्थनेला बसवलं. काल ती गच्चीच्या कठड्याशी उभी दिसली. "वारा खातेय," म्हणाली. वकीलबाईंनी एक शब्द विचारला नाही. गच्चीला कुलूप मात्र घातलं.

नर्सनं कागद काढला. "दहा प्रश्न आहेत. तुम्ही यांना विचारा, त्या म्हणतील ते मला सांगा."

पहिला, पूर्वीसारखं हसू येतं का?

"शेवटचं कधी हसले, आठवत नाही," सून म्हणाली.

"येतं म्हणते," वकीलबाईंनी सांगितलं.

झोप? "लागते." रडू? "छे, आमच्यात नाही कुणी रडत." नर्स खुणा करत गेली. नऊ प्रश्न असेच सरले.

वकीलबाई काही दुष्ट नव्हत्या. धाकट्या लेकीचं लग्न ठरत आलं होतं, आणि 'त्यांच्या घरात वेड आहे' हे साठ घरं फिरायला एक दुपार पुरते. शिवाय आईला वेडी ठरवून इथले लोक बाळ उचलून नेतात, असं त्यांनी कारखान्यात ऐकलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दहाव्या प्रश्नाआधी नर्सनं पेन खाली ठेवलं आणि सुनेकडे बघत हळू आवाजात विचारलं. वकीलबाईंच्या मांडीवरचं बाळ चुळबुळलं.

"जेवण जातं का, विचारतेय," त्या म्हणाल्या.

सून पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे वळली. "नाही, आई. जेवणाचं विचारायला कुणी पेन खाली ठेवत नाही. काय विचारलं?"

"तेच."

"आई, काय विचारलं?"

मोठमोठ्या साहेबांपुढे न अडलेली वकीलबाईंची जीभ आपल्याच भाषेत अडली. "जिवाचं... जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, म्हणते."

"रोज वाटतं. काल कठड्यावर पाय टाकला होता. बाळ रडलं म्हणून काढला. उद्या ते झोपलेलं असलं तर?" सुनेच्या आवाजात ना राग, ना रडू. "सांगा आता. नाहीतर जेवण जातं म्हणून सांगा. तुमचंच ऐकतात त्या."

नर्स थांबली होती.

"मरायचं म्हणते," वकीलबाई इथल्या भाषेत म्हणाल्या. "काल मरणारच होती. आणि ती वरची नऊ उत्तरं माझी. तिची नाहीत. खोडा."

नर्स रागावली नाही, तेच त्यांना जास्त लागलं. तिनं फोन फिरवला. दुसऱ्या शहरातली एक दुभाषी बाई फोनवर त्यांच्याच भाषेत बोलू लागली.

"आता तुम्ही बाहेर बसा."

"माझ्यापेक्षा चांगलं बोलते का ती?"

"नाही. पण ती यांची कुणी लागत नाही."

तीस वर्षांत वकीलबाईंना कुणी उठवलं नव्हतं. त्या बाळाला घेऊन उठल्या. बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसल्या, दारावरची नजर न काढता.

नर्स बाहेर आली. "त्यांना आजच दाखल करायचंय. बाळ त्यांच्याजवळच राहील. तुमच्या मुलाला बोलावून घ्या."

"बाळ तिच्याजवळ? नक्की?"

"नक्की."

वकीलबाईंनी नातवाला नर्सच्या हातात दिलं. "मुलाला फोन करते आणि घरी जाऊन तिचे कपडे आणते," त्या म्हणाल्या. "कोणते हवेत, ते तिलाच विचारा."