सरकलेलं टोक

सकाळी दहाच्या सुमारास दुसराही खड्डा रिकामा निघाला. वर हातभर राख, मग दगडगोटे, पुन्हा राख आणि तळाला जुनी काळी माती. मातीत कॉफीची मुळं होती. ती माती कुणी कधी उकरलेली नव्हती, म्हणजे इथे कबर नव्हती.

नांपत सितेपू यांना शेताच्या कडेला पुरलं त्याला चौदा वर्षं झाली. पुढच्याच वर्षी सिनाबुंग ज्वालामुखी जागा झाला. मग कित्येक वर्षं त्याच्या माथ्यावर लाव्ह्याचा गोळा वाढायचा, ढासळायचा आणि जळता लोट उतारावरून खाली यायचा. पावसात राखेचा चिखल होऊन ओढ्यातून गावात शिरायचा. ओढा भरला, बांध बुजले, गाव उठलं. चर्चचा मनोरा तेवढा अर्धा बाहेर उरला. नांपतची बायको मालेम आता एकोणऐंशी वर्षांची होती. नवऱ्याची हाडं नव्या वसाहतीतल्या दफनभूमीत न्यायची आणि स्वतःची जागा त्याच्या शेजारी राखायची, एवढंच तिला हवं होतं.

हाडं काढताना कुदळीचा पहिला घाव मुलांच्या मामाकडच्यांचा. म्हणून तिचा धाकटा भाऊ तेर्केलिन आला होता आणि जागाही त्यानेच ठरवली. मनोऱ्यामागे डोंगराचं टोक बरोबर जुळेल त्या रेघेत मनोऱ्यापासून पाचशे पावलं, ही खूण नांपतला पुरलं तेव्हापासून घरात सगळ्यांना पाठ होती. या भागात बांधांचे तंटेसुद्धा डोंगराचं टोक धरूनच मिटत आले होते.

“ताई, मूठभर माती नेऊ,” तेर्केलिन कंबर धरत म्हणाला. “मातीत तोच आहे.”

“माती तुझ्या बायकोच्या कुंडीत घाल. मला माणूस हवाय.”

“आणि नाहीच सापडला तर?”

मालेम खड्ड्याच्या काठाशी गेली.

तिचा जावई एफ्राइम खड्ड्यात उभा होता. अशा प्रसंगी जावयांनी खणायचं, रांधायचं, वाढायचं. मामाला शिकवायचं नाही. शिवाय सासू-जावयाने एकमेकांशी थेट बोलायचं नाही, ही रीत. एरवी त्याची बायको रेहुलिना मधे पडून निरोप पोचवायची, पण ती खाली रस्त्यावर भात शिजवत होती. एफ्राइम डोंगरावर नजर ठेवणाऱ्या चौकीत नोकरीला होता. नऊ वर्षं तो रोज सकाळी डोंगराची बाह्यरेषा कागदावर काढत होता. चूक त्याला पहिल्या खड्ड्यापाशीच कळली होती.

तो हातातल्या फावड्याकडे वळला.

“फावड्या, सासूबाईंना सांग, हे टोक जुनं नव्हे.”

मालेमनेही फावड्याकडेच पाहिलं. “फावड्या, विचार त्याला, मग जुनं गेलं कुठे?”

“सांग, पाच वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका सकाळी उडालं. आता उंच दिसतो तो डावीकडचा कडा. टोक तीनशे मीटर सरकलंय.”

“दोन खड्डे झाल्यावर बोलतोय!” तेर्केलिन ओरडला. “आधी काय दातखीळ बसली होती?”

“मामा, पहिला घाव तुमचा होता.”

“घाव माझा रे, पण अक्कल तर तुझ्याकडे होती! ती कुणासाठी राखून ठेवली होतीस?”

एफ्राइमने राखेत बोटाने डोंगर काढला, मनोरा काढला, दोहोंमधून रेघ ओढली. टोक डावीकडे गेलं तर मनोऱ्याच्या अलीकडे रेघ उजवीकडे जाते. म्हणजे सगळे फार उजवीकडे खणत होते. किती? त्याने मनाशी हिशेब केला. चाळीस पावलं.

मालेम डोंगराकडे बघत राहिली. “सकाळी दार उघडलं की तोच दिसतो,” ती म्हणाली. “त्याचा चेहरा बदललाय हे रोज बघत होते. पण टोक म्हणजे टोक, असंच धरून चालले.”

तेर्केलिन चाळीस पावलं डावीकडे गेला आणि पुन्हा पहिला घाव घातला. या वेळी राखेखालची माती भुसभुशीत लागली. एक वाजता कुदळ शवपेटीच्या फळीवर आपटली. फळी कुजलेली होती, हाडं मात्र जागच्या जागी होती. एफ्राइमने डाव्या नडगीचं हाड वर दिलं. मधोमध गाठ होती. मालेमने तिच्यावरून अंगठा फिरवला.

“ताडी काढताना पडला होता. आमच्या लग्नाच्या वर्षी.” मग तिने मोठा श्वास सोडला. “हाच आहे.”

तेर्केलिन खड्ड्याच्या काठावर बसला आणि नाक शिंकरून हसायला लागला. “भावजी, फार दमवलंत.”

लिंबाच्या पाण्याने हाडं धुवून पांढऱ्या कापडात बांधेपर्यंत रेहुलिना भात घेऊन वर आली. सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेली तिची आई राखेत पाय पसरून बसली आणि दोनदा भात मागून जेवली.

निघताना पुरुषांनी गाठोडं ट्रकच्या मागच्या बाजूला ठेवायला घेतलं.

“तिथे नको,” मालेम म्हणाली. “पुढे, माझ्या मांडीवर द्या.”

“ताई, रस्ता खराब आहे. दीड तास धरून बसशील?”

“तू गाडी सावकाश घे म्हणजे झालं,” ती म्हणाली आणि हात पुढे केले.