बघायला दिलेला फोटो

मी एक फोटो बोलतोय. पोस्टकार्ड साइजचा, चकचकीत कागदावरचा. हल्ली बंद पाकिटात असतो, त्यामुळे आवाज दबका वाटला तर समजून घ्या.

माझा जन्म दोन हजार सात साली नारायणगावच्या एका स्टुडिओत झाला. बोरी बुद्रुकच्या दादाभाऊंची प्रांजल तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. अंगावर मामीची अबोली साडी, पाठीमागे पडद्यावर रंगवलेला धबधबा. फोटोवाला म्हणाला, "ताई, हनुवटी जरा वर. रागावलंय का कुणी तुमच्यावर?" ती हसणार तेवढ्यात फ्लॅश पडला आणि ती दचकली. त्या दचकण्यातूनच मी झालो. म्हणून माझे डोळे असे मोठे आहेत, आणि उजेडाची मला अजून धास्ती वाटते.

मला काढलं ते स्थळांना दाखवायला. प्रांजलचा चिमाजीमामा सोयरिकी जुळवायचा. त्यानं माझ्या खांद्यापाशी टाचणी टोचून एक चिठ्ठी लावली: नाव, शिक्षण, उंची आणि दादाभाऊंचा मोबाइल नंबर. मला दुखलं, पण फोटोला विचारतं कोण?

मग मी घरोघरी फिरलो. पुरुष मला हात लांब करून बघायचे, बायका खिडकीशी न्यायच्या. "फोटोत उजळ दिसती, समक्ष कशी हाय कुणास ठावं," असं एक आजी माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी ओशाळायचो. तरी त्यात अपमान नव्हता. जमलं नाही की मला पाकिटात घालून परत पाठवत. मुलीचा फोटो ठेवून घ्यायचा नसतो, हे कुणाला सांगावं लागत नसे.

मंचरजवळच्या ज्योतिबांच्या घरी मात्र अडलं. त्यांच्या खंडूला प्रांजल पसंत होती. प्रांजलला आधी परीक्षा द्यायची होती, तिनं नकार कळवला. मामा मला न्यायला आला तेव्हा ज्योतिबा म्हणाले, "देऊ की पावणं. तुमचा फोटो खाऊन ढेकर देणार हाय का आमी?" सगळे हसले, चहा झाला आणि मामा भिडेपोटी तसाच निघाला. मी तेव्हा खंडूच्या शर्टाच्या खिशात होतो.

पुढच्याच आठवड्यात खंडूनं मला मंचरच्या एका सायबर कॅफेत नेलं. कॅफे जिनेश नावाच्या मुलाचा.

"स्कॅन करायचाय."

"कुणाचा आहे भाऊ?"

"बहिणीचा. स्थळं बघतोय."

जिनेशनं वरही न बघता मला काचेवर पालथा टाकला. खालून पांढरा उजेड सरकत आला. मी इतका घाबरलो की काय चाललंय तेही कळेना. तो उजेड गेला तेव्हा माझ्यासारखाच एक दुसरा मी पडद्यावर होता. त्याला कागद नव्हता, कडा नव्हत्या.

खंडूनं त्याला ऑर्कुटवर, म्हणजे तेव्हाच्या फेसबुकवर, चढवलं. प्रांजलच्या नावानं पान उघडलं, चिठ्ठीवरचा नंबर त्यात घातला आणि तिच्या तोंडी असं काही लिहिलं की ते मी इथे सांगणार नाही. खोटं सगळं त्याचं होतं, पण तोंड माझं. वाचणाऱ्याला वाटावं, हीच बोलतेय.

पुढचं मला पोलीस ठाण्यात ऐकून कळलं. दादाभाऊंना परक्या माणसांचे फोन येऊ लागले. "प्रांजल हाय का?" आधी त्यांना वाटलं, कॉलेजातलं कुणी असेल. मग एकानं जे विचारलं, ते ऐकून त्यांनी मोबाइलची बॅटरीच काढून टाकली. प्रांजलला ते पान तिची जुन्नरची मैत्रीण हर्षा हिनं दाखवलं. तेव्हापासून प्रांजलचं कॉलेज बंद झालं. एसटीत कुणी सहज वळून बघितलं तरी तिला वाटे, ह्यानं वाचलंय.

तक्रार द्यायचा हट्ट मात्र तिनंच धरला. फोटो परत न दिलेलं घर एकच होतं. पोलिसांनी खंडूच्या पेटीतून मला काढलं आणि ओळख पटवायला घरच्यांना बोलावलं. बाहेर बाकावर ज्योतिबा आणि चिमाजीमामा शेजारी शेजारी बसले होते. मामाच मध्यस्थी करत होता. "खंडू पाया पडंल, लिहून दील. पोरीचं नाव कोर्टात कशाला न्यायचं? उद्या करून घेईल का कुणी तिला?"

आत साहेबांनी मला टेबलावर ठेवलं. "कायदा नवीन आहे, मलाही पुण्याला विचारावं लागतंय," ते म्हणाले. "पहिलं सांगा, फोटो कुणी दिला त्यांना?"

"आमीच," दादाभाऊ म्हणाले.

"राजीखुशीनं?"

"व्हय."

"त्यांचा वकील हेच धरून बसणार बघा."

दादाभाऊंनी मान खाली घातली. "मग मिटवू का, साहेब?"

प्रांजलची आई सरुबाई इतका वेळ पदर तोंडाशी धरून बसली होती. ती म्हणाली, "बघायला दिला व्हता, साहेब. त्यांच्या घरात. चव्हाट्यावर मांडायला न्हाई दिला."

साहेबांनी त्या पानाचा छापील कागद माझ्याशेजारी ठेवला. त्यावर छापलेल्या फोटोतही खांद्यापाशी टाचणीचं तेच भोक होतं. "मूळ फोटो हाच, हे दिसतंय. पण हे लिहिलेलं तुमचं नाही, ते तुम्हालाच सांगावं लागेल, ताई. एकेक ओळ वाचून."

दादाभाऊ उठून बाहेर निघाले.

"बसा आबा," प्रांजल म्हणाली. "तुम्ही बाहेर गेलात तर लोक म्हणतील, खरंच असेल."

ते बसले. ती वाचू लागली. आवाज इतका बारीक की लिहिणारे हवालदार पुढे वाकले. एक ओळ वाचायची आणि म्हणायचं, "हे माझं नाही." मध्येच तिनं पाणी मागितलं, परत वाचायला घेतलं. दादाभाऊ फरशीकडे बघत होते, हवालदार कागदाकडे. मला मात्र डोळे मिटता येत नाहीत. मी तिच्याकडे बघत राहिलो, तिच्याच चेहऱ्यानं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शेवटी तिनं सही केली आणि मामाला न भेटताच ती आईबरोबर निघून गेली.

ते पान आता नाही. पण ते निघण्याआधी त्या दुसऱ्या मला कुणी कुणी उतरवून घेतलं, हे साहेबांनाही सांगता येत नाही. मी मुद्देमाल म्हणून कोर्टात आहे. तारखेला लाखेचं सील फोडतात, खंडूचा वकील मला कोपऱ्याला धरून उंच करतो आणि म्हणतो, "हा फोटो दाखवायलाच काढला होता, बरोबर?" मागच्या बाकांवरची माणसं माना लांब करतात. मला काय वाटतं सांगू? तो म्हणतो ते खरंच आहे. मी दाखवायलाच काढलेला आहे.

मागच्या तारखेला वेळ संपली. पुढच्या तारखेला ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला प्रांजल उभी राहणार आहे. तुम्ही त्या दिवशी कोर्टात असलात, तर हात जोडून एवढंच मागतो. मला उंच धरलं की माझ्याकडे बघू नका. तिचा आवाज बारीक आहे. ती काय सांगते ते ऐका.