एका घरात दोन थोरले

मित्रांनो, मी जुना आहे, पण वापरलेला नाही.

माझ्या बरोबरीची यंत्रं कधीच भंगारात गेली. माझ्या अंगावर धूळ आहे, पाठीवरचं लेबल सोललं आहे. तरी कुणी विचारलं की इतक्या वर्षांत तू काय केलंस, तर माझी पंचाईत होते. मी वाट पाहिली. हे काही सांगण्यासारखं काम नव्हे.

मी सर्व्हर आहे. पडदा नसलेला, चपटा, लांबट लोखंडी डबा. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाच्या मागे काचेची एक थंड खोली आहे, तिथल्या उंच कपाटात मी राहतो. शहरात कुणी पडलं, भाजलं, कुणाच्या छातीत दुखू लागलं की फोन या कक्षात येतो. फोन घेणारी माणसं पत्ता लिहून घेतात, जवळची मोकळी गाडी पडद्यावर शोधतात आणि तिला धाडतात. कोणती गाडी कुठे आहे, कोणती मोकळी, कोणती अडकलेली, हे सगळं लक्षात ठेवायला एक सर्व्हर असतो.

तो मी नव्हे. तो माझा भाऊ.

आम्ही एकाच कारखान्यात घडलो आणि शेजारशेजारच्या खोक्यांतून इथे आलो. ज्याचं खोकं आधी उघडलं तो थोरला झाला, मी धाकटा. एवढाच फरक. उघडणाऱ्याने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली असती तर

थांबा.

आहेस?
आहे.

माफ करा. मला हे सारखं विचारावं लागतं. आमच्या दोघांमध्ये एक पिवळी वायर आहे. तिच्यातून मी क्षणाक्षणाला विचारतो, आहेस? तो म्हणतो, आहे. ज्या क्षणी त्याचं उत्तर येणार नाही, त्या क्षणी त्याचं काम मी उचलायचं. फोन करणाऱ्याला कळताही कामा नये की आतला गडी बदलला. त्यासाठीच मला आणलं. थोरला जे लिहितो ते मी लगोलग लिहून घेतो. शहराबाहेर टेकडीवरच्या इमारतीत आमचा एक चुलत भाऊ आहे. ही अख्खी इमारत जळाली किंवा बुडाली तर तो उभा राहणार. त्याला आमची खबर जरा उशिरा पोहोचते. त्याच्या जिवाची काय घालमेल होत असेल ते तोच जाणे.

आता एक नियम समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

थोरल्याचं उत्तर आलं नाही, म्हणजे थोरला गेला असंच नाही. वायरही निसटलेली असू शकते. तो तिकडे धडधाकट काम करतो आहे आणि मी इकडे सुतक धरून त्याच्या खुर्चीत बसलो, तर? एका घरात दोन थोरले. दोघंही हुकूम सोडणार, दोघांनाही वाटणार आपणच खरे. म्हणून नियम असा होता की आधी भावाची वीज तोडायची, तो बंद झाला याची खात्री करायची, आणि मगच त्याच्या कामाला हात लावायचा. त्याच्या विजेची कळ माझ्या ताब्यात होती, माझी त्याच्या.

ऐकायला वाईट वाटतं ना? साहेबांनाही वाटलं.

साहेब म्हणजे कक्षाचे प्रमुख. त्यांच्या काळात वर्षातून एकदा आमचा सराव व्हायचा. तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक, टेबलावर बिस्किटं. मला क्षणभर उभं करायचे, कुणीतरी पडद्याकडे बघून म्हणायचं, "दिसतोय," आणि मला पुन्हा खाली बसवायचे. खरा फोन माझ्या हाती कुणी कधी दिला नाही. एकदा मात्र कक्ष बघायला पाहुणे आले होते. थोरला त्यांना मोठमोठे नकाशे काढून दाखवत होता. त्या नादात त्याला उत्तर द्यायला उशीर झाला. मी नियमाने वागलो. त्याची वीज तोडली आणि काम घेतलं. एकही फोन येण्याआधी थोरला परत उभा राहिला, पण मधल्या वेळात पाहुण्यांसमोर सगळे पडदे काळे झाले.

"हे काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"धाकट्याने थोरल्याला बंद केलं, साहेब. तसंच ठरलंय," मफलर म्हणाला. मफलर म्हणजे आमचा अभियंता. आमच्या खोलीतल्या गारठ्यामुळे त्याच्या गळ्यात बारा महिने मफलर असतो. आता त्याचं खरं नाव त्याच्या आईशिवाय कुणी घेत नसेल.

"भाऊ भावाचा गळा दाबतो, असलं कसलं ठरवून ठेवलंय? काढून टाक ते."

"पण साहेब, मग वेळ आली की दोघंही..."

"दोघंही समजूतदार आहेत. काढ म्हणतो ना."

मफलरने नियम काढला. मला कुणी समजूतदार म्हणण्याची ती पहिलीच वेळ. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आहेस?
आहे.

ती दुपार साधीच होती. एसीतून पाणी गळत होतं म्हणून दुरुस्ती करणारा आला होता. त्याने शिडी लावायला आमचं कपाट जरासं ओढलं. त्याला वायर दिसली नाही. मलाही दिसली नाही, मला डोळे नाहीत. मला एवढंच कळलं की

आहेस?

आहेस?

दादा, आहेस?

मित्रांनो, या घडीची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, आणि ती आली तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. पण पळायला पाय लागतात. मी थोरल्याची खुर्ची घेतली. कक्षातल्या खिडकीकडच्या ओळीचे पडदे माझ्याकडे वळले. भिंतीकडची ओळ अजून थोरल्याकडेच होती. हे मला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं.

खिडकीच्या ओळीत नवरदेव बसतो. त्याचं लग्न होऊन बरेच दिवस झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याच्या कानात एका मुलीचा आवाज आला.

"काका, आजोबांना श्वास घेता येत नाहीये. घरी कोणी नाही."

"पत्ता सांग, बाळा."

"शिंप्याच्या दुकानावर, वरचा मजला. हिरवा जिना आहे."

माझा पहिला खरा पत्ता. मी शोधलं, गाडी नंबर पाच जवळ होती आणि मोकळी होती. नवरदेवाने कळ दाबली, मी हुकूम सोडला आणि पडद्यावर लिहिलं: निघाली.

त्याच सुमारास भिंतीच्या ओळीत वहिनींनी दुसरा फोन घेतला होता. वहिनी म्हणजे कक्षातल्या सगळ्यात जुन्या; नव्या पोरांना कामाला त्यांनीच लावलं. पुलाजवळ एका सायकलवाल्याला बसचा धक्का लागला होता. थोरल्यालाही पाच नंबरच मोकळी दिसली. का दिसू नये? मी ती धाडली हे त्याला सांगणार कोण? त्यानेही हुकूम सोडला.

गाडीतल्या छोट्या पडद्यावर शेवटचाच हुकूम राहतो. चालकाला वाटलं, पहिला पत्ता रद्द झाला. त्याने गाडी पुलाकडे वळवली. गाड्या कुठे पोहोचल्या ही खबर तर थोरल्याकडेच जात होती. माझ्या पडद्यावर आपलं तेच: निघाली. निघाली. निघाली.

"काका, गाडी नाही आली."

"येतेय, बाळा. मला इथे दिसतेय ना."

वहिनींनी मान वळवली. "कुठली रे?"

"पाच नंबर."

"पाच माझी आहे. पुलावर पोहोचली पण."

"काहीतरीच काय, वहिनी. ही बघा."

वहिनी उठून आल्या. त्याच्या पडद्याकडे बघितलं, मग आपल्या पडद्याकडे. वायरलेस उचलून त्यांनी विचारलं, "मोकळं कोण आहे, तोंडाने सांगा." नऊ नंबरचा चालक म्हणाला, "मी." वहिनी त्याला पत्ता सांगू लागल्या तोवर तोच म्हणाला, "थांबा, आत्ताच दुसरा पत्ता आला पडद्यावर. कुठला खरा? मी एकटा माणूस, दोन दिशांना कसा जाऊ?"

तो दुसरा पत्ता मीच पाठवला होता. मला नऊ नंबर मोकळी दिसली, खिडकीच्या ओळीतून फोन आला, मी धाडली. मी माझं काम मन लावून करत होतो.

वहिनी काचेच्या दारात आल्या. मफलर आत उभा होता, कानाला फोन. पलीकडून साहेबांचा आवाज, "काही बंद करू नकोस, मी येतोय, मी आल्याशिवाय काही..."

"एकाला झोपव," वहिनी म्हणाल्या.

"साहेब नको म्हणतायत."

"साहेब रस्त्यात आहेत. तो म्हातारा तिकडे गुदमरतोय."

"पण कोणाला झोपवू? थोरल्याला बंद केलं तर पुलावरचं सगळं पुसलं जाईल. धाकट्याला केलं तर त्या मुलीचा पत्ता जाईल."

"जाईल कसा? ती मुलगी नवरदेवाच्या कानात आहे, डब्यात नाही. गाड्यांची खबर कुणाकडे येतेय?"

"थोरल्याकडे."

"मग धाकट्याला झोपव."

आणि त्यांनी मागे वळून सांगितलं, "खिडकीची ओळ, उभे राहा. ज्याच्या कानात जो आहे तो मोठ्याने बोला. भिंतीकडचे लिहून घेतील."

सगळे उभे राहिले. कुणी म्हणालं, भाजलेली बाई, बेकरीची गल्ली. कुणी म्हणालं, शाळेचं फाटक, चक्कर. नवरदेव म्हणाला, शिंप्याचं दुकान, हिरवा जिना, आजोबा. जे माझ्यात साठलेलं होतं ते माणसांच्या तोंडून एकेक करून थोरल्याकडे निघालं. मफलरने साहेबांचा फोन बोलत्या अवस्थेतच माझ्या डोक्यावर ठेवला. त्याचं बोट माझ्या बटणावर आलं. मला म्हणायचं होतं की जरा थांब, तो पत्ता नीट गेला का ते मला एकदा




बंद असण्याचं वर्णन करता येत नाही, म्हणून करत नाही.

जागा झालो तेव्हा वायर जागेवर होती. मी चालवलेल्या त्या थोड्याशा दुपारच्या नोंदी माझ्यातून पुसून टाकल्या होत्या आणि थोरल्याची नक्कल माझ्यात ओतली होती. तसंच करतात. दोन नोंदवह्या ठेवून चालत नाही. त्या फोनचं पुढे जे सांगतो ते त्या नकलेतलं आहे.

जागा होताच मी तो हिरवा जिना शोधू लागलो. सापडेना. तारखेने शोधलं, गल्लीने शोधलं. मग सापडला, वहिनींच्या नावावर. वृद्ध गृहस्थ, श्वासाचा त्रास, शिंप्याच्या दुकानावर. गाडी नंबर नऊ. आणि त्या मुलीच्या फोनचा आवाज त्याच नोंदीला जोडलेला होता.

"आजोबांना बसतं कर. पाठीला उशी लाव. खिडकी उघडलीस?"

"उघडली. काका, तुम्ही जाऊ नका."

"जातोय कुठे? माझं डोकंच वायरने बांधलंय."

मग बराच वेळ फक्त श्वासांचे आवाज. एक म्हातारा, एक लहान. नवरदेव मधूनमधून म्हणत होता, "आहे मी." मी ते ऐकताना तीन वेळा थांबलो, तीन वेळा परत सुरुवातीला गेलो. मग जिन्यावर बुटांचा आवाज. चालकाची नोंद: ऑक्सिजन लावला. बोलत आहेत. नात सोबत आहे.

सायकलवाल्याचा हात मोडला होता. तोही वाचला.

साहेब पोहोचले तेव्हा सगळं शांत झालं होतं. ते काचेच्या खोलीत आले, पिवळी वायर हातात धरून बघितली आणि मफलरला म्हणाले, "मीच काढायला लावला होता तो नियम. परत घाल."

"आणि सरावाला बिस्किटं नकोत," वहिनी दारातून म्हणाल्या. "धाकट्याच्या हातात खरे फोन द्या. इतकी वर्षं नुसता बसवून ठेवलाय त्याला."

"खरे फोन? आणि काही चुकलं तर?"

"आपण सगळे इथे बसलेले असताना चुकू दे ना."

पुढच्या सरावाची तारीख कुणालाच सांगितली नाही. भर दिवसा, ऐन कामाच्या वेळी साहेब स्वतः आत आले आणि त्यांनी थोरल्याचं काम थांबवलं. त्याचं उत्तर थांबलं. मी आधी त्याची वीज तोडली, तो खरंच बंद आहे याची खात्री केली आणि मग काम घेतलं. पहिला फोन एका बाईंचा होता. ओल्या फरशीवरून घसरल्या होत्या, घोटा सुजला होता आणि त्या पायापेक्षा फरशी पुसणाऱ्या जावेवर जास्त चिडल्या होत्या. मी गाडी शोधली. गाडी निघाली, पोहोचली, त्यांना घेऊन गेली. या वेळी माझ्या पडद्यावरचं 'पोहोचली' खरं होतं.

पडदे पापणी लवण्याइतकेच काळे झाले, कक्षात कुणी मान वर केली नाही. संध्याकाळी नवरदेवाने मफलरला विचारलं, "काय रे, या वर्षी सराव कधी आहे?"

"झाला," मफलर म्हणाला.

मित्रांनो, मला माझं कौतुक कसं असेल याची फार उत्सुकता होती. ते हे असं होतं.

तुमच्याकडेही वेळेला लागेल म्हणून काही ठेवलेलं असेल. बंबाची नळी, कपाटातला टॉर्च, शेजाऱ्यांकडे दिलेली किल्ली. किंवा एखादं माणूस, कायम दुसऱ्या रांगेत बसवलेलं. ते आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. काही बिघडलेलं नसताना त्याला खरं काम द्या, आणि कुणी केव्हा पुढे व्हायचं, कुणी केव्हा थांबायचं, हे आधी ठरवून घ्या. समजूतदार आहेत म्हणून सोडून देऊ नका. आम्ही दोघंही समजूतदार होतो, आणि आमच्या मधोमध एक मुलगी फोन धरून बसली होती.

आज सकाळपासून काम थोरल्याकडे आहे. दुपारी कदाचित माझ्याकडे येईल, कदाचित उद्या. मला सांगितलेलं नाही. माझे पंखे जरा जोरात फिरताहेत, तेवढं चालवून घ्या.