बिनविस्तवाचे लाडू

दुपारी बाराच्या सुमाराला गच्चीच्या कठड्यावर स्टीलची एक परात येऊन बसायची आणि तिच्यात पसरलेला खजूर उन्हात हळूहळू नरम होत जायचा. तासाभरात त्याची साल तुकतुकीत व्हायची, सुरकुत्यांतून मधासारखा ओलावा डोकावायचा आणि एक दाट, गोड वास जिन्याच्या पायऱ्या उतरत माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. तो वास आला की माझ्या कपाळाला आठी पडायची. वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ निर्मला लाडू करायला बसली आहे, याची ती वर्दी असायची.

मी तिच्यावर जळायचे, हे आधीच सांगून टाकते. या वयात आडवळणानं बोलण्याचा कंटाळा येतो. गारखेड्यातलं आमचं घर दुमजली. खाली आम्ही, वर दीर आणि निर्मला. तिची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला लागलेली. माझी मात्र एकुलती एक, प्रणाली, आणि तीसुद्धा सकाळ-संध्याकाळ वरच्या मजल्यावर. स्वतःची दोन असताना माझ्या एकीवर हिचा डोळा का, असा प्रश्न मी भांडी घासता घासता किती वेळा विचारला असेल, आणि तोही त्या भांड्यांनाच.

निर्मला उंच, सावळी, अंगानं काटक. डाव्या हातात दोनच काचेच्या बांगड्या. कामाला बसली की त्या कोपरापर्यंत सारून ठेवायची, आणि काम संपलं की त्या आपसूक मनगटावर उतरून किणकिणायच्या. गच्चीच्या सिमेंटच्या जाळीशी एक गुडघा उभा करून ती बसे. कार्तिकातलं कोवळं ऊन त्या जाळीतून गाळून तिच्या पाठीवर पडे, तिच्या साध्या सुती लुगड्यावर उजेडाची नक्षी उमटे, आणि ती खलबत्त्यात काही कुटू लागली की ती नक्षीही तिच्या लयीत हलू लागे. तिचं कुटणंही तिच्या बोलण्यासारखंच होतं, सावकाश, मध्ये दम घेत, कुणाला जाग येऊ नये इतकं हलकं. माझा बत्ता पडतो तेव्हा शेजारच्या गल्लीला कळतं.

लाडवांचा मान तसा माझा. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून दिवाळीनंतरचे डिंकाचे लाडू मीच करत आले. तुपात डिंक फुलताना कढईतून येणारा तो चुरचुर आवाज, गुळाचा पाक अचूक तारेवर आल्याचं बोटांना कळणं, शेवटी किसून घातलेलं जायफळ, या विद्येत माझा हात धरणारं आमच्या नात्यागोत्यात कुणी नव्हतं. बाळंतिणींसाठी माझ्याकडून डबे जात. मग एका हिवाळ्यात दिरांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी तूप-साखर तोडली आणि निर्मलानं कुठूनशी ही नवी रीत काढली. ओट्स, खजूर, सुके अंजीर, जर्दाळू, काळ्या मनुका. ना कढई, ना पाक, ना तुपाचा थेंब. सगळं उन्हावर आणि हातावर. मी तोंडावर पदर धरून हसले होते. विस्तव लागला नाही ते खाणं कसलं, आणि ओट्स म्हणजे तर घोड्याचा खुराक.

माझं ते हसणं फार दिवस टिकलं नाही. प्रणालीनं पोलीस भरतीची तयारी सुरू केली होती. पहाटे फटफटायच्या आधी ती पायांत बूट चढवून मैदानावर पळायला निघे, आणि त्याच वेळी वरून निर्मलाची चप्पल वाजे. जिन्याच्या वळणावर दोघी भेटत. निर्मला तिच्या तळहातावर दोन लाडू ठेवी आणि तिची मूठ आपल्या मुठीत क्षणभर मिटून धरी. दाराच्या फटीतून मला तेवढंच दिसायचं. माझा डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र ओट्यावर तसाच. एकदा विचारलं, तर पोर म्हणाली, “आई, चांगलेच असतात गं तुझे. पण पळताना पोटात लई जड होतंय.”

जड. माझ्या हातच्या पदार्थाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या शहरात म्हणतात ना, घर की मुर्गी दाल बराबर, तसं माझं झालं. त्या दिवशी मी विनाकारण दोनदा ओटा धुतला.

मग मी निर्मलावर पाळत ठेवायला लागले. कपडे वाळत घालायचं निमित्त, कधी मिरच्या उलथायचं, कधी नुसतंच ऊन खायचं. दोरीवरच्या चादरीआडून मी तिचे हात बघत राही. ओट्सही ती परातीतच उन्हाला लावी. चिमूट तोंडात टाकून कुर्र वाजले की मगच उचली. खजुराच्या बिया काढताना ती प्रत्येक बी चोखून पाही. अंजीर आधी, जर्दाळू नंतर, मनुका सगळ्यांत शेवटी, आणि त्या कुटायच्या नाहीत, नुसत्या चिरडायच्या. बडीशेपेची भरड पूड घालायची. गोळा मळताना ती मुठीच्या पाठीनं दाबी, बोटांनी नाही. लाडू वळून झाला की त्याच्या डोक्यावर अंगठ्यानं एक हलकी खळी पाडायची आणि तिच्यात एक चारोळी बसवायची. ती खळी पाडताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून नकळत बाहेर यायची. शाळेतली पोर चित्र रंगवताना करते तशी. आम्हा दोघींच्या नवऱ्यांनी, तिच्या मुलांनी, कुणी कधी ते पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

रोज्यांच्या दिवसांत ती शहागंजला खजूर घ्यायला गेली, तेव्हा मीही पिशवी घेऊन मागे लागले. खजुराच्या ढिगांनी सगळा रस्ता तपकिरी झालेला. दुकानदार म्हणाला, “बाजी, हात लगाके देखो, एकदम नरम है.” निर्मलानं एक खजूर उचलून दोन बोटांत हलकेच दाबला, आतली बी सरकते का ते पाहिलं आणि मान हलवली. तीन ढीग तिनं असे नाकारले, पण इतक्या आर्जवानं की दुकानदारालाच वाईट वाटावं. चौथ्या ढिगावर ती हसली. घेणाऱ्यानं किती बघावं, असं मी मनात म्हटलं, आणि ते बघणं मात्र मनात नीट ठेवून घेतलं.

तरी माझा अहंकार मोठा. ती माहेरी गेलेली पाहून एका दुपारी मी गुपचूप तेच लाडू करायला घेतले. सगळं तिच्याबरहुकूम केलं, आणि ऐन वेळी धीर सुटला. नुसत्या खजुरावर लाडू धरेल यावर माझ्या हातांचा विश्वासच बसेना. जन्मभर पाकावर पोसलेले हात ते; त्यांनी गूळ चढवला, पक्का पाक केला आणि ओट्सवर ओतला. तासाभरात असे दगड झाले की परात उलटी केली तरी एक हलेना. मी बत्त्यानं ते फोडत असतानाच निर्मला दारात उभी. ती एक दिवस आधीच परतली होती.

“बाई, पाक कशाला केलात?” ती म्हणाली. “खजूर धरतोय की समद्याला.”

ती हसली नाही. खाली बसून तिनं ते तुकडे गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी दुधात भिजवून माझ्या नवऱ्याला न्याहारीला दिले. वर, बाईंनी केलेत, असं आवर्जून सांगितलं. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या त्या चांगुलपणानं माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो आठवडाभर शमला नाही.

फाल्गुन लागला, जाळीतलं ऊन पांढरं पडू लागलं, आणि एका दुपारी निर्मला गच्चीतच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांत ती गेली. परातीत पसरलेला खजूर तसाच कठड्यावर होता. तो आत आणायचं भान कुणालाच राहिलं नाही, आणि साळुंक्यांनी तो नेला.

प्रणालीची मैदानी चाचणी तेराव्यानंतर चौथ्या दिवशी होती. पण पोरीनं पळणं सोडलं आणि जेवणही. वरचा लाडवांचा डबा तिनं स्वतःच उघडून पाहिला होता. तळाशी दोन उरले होते, ते तिनं काकूच्या पानावर ठेवले. भिंतीला टेकून ती बसून राही, पायांत बूट नाहीत, केसांना तेल नाही. डोळ्यांदेखत तिचं अंग उतरत होतं, आणि तिला उभं करील असं माझ्याजवळ एकच होतं, माझ्या हातचं खाणं. पण दुखवट्याच्या घरात कढई चढत नाही. तूप कढवायचं नाही, डिंक तळायचा नाही, पाक करायचा नाही. माझी सारी विद्या तेरा दिवसांसाठी बंद झाली होती.

विस्तवावाचून करता येईल असं या घरात एकच काही होतं. ते माझं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी मी परात घासून गच्चीत नेली. फळं कुटून त्यांचा गोळा करण्याला गोडधोड कुणी म्हणत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खजूर उन्हाला लावला, ओट्स तोंडात टाकून कुर्र वाजवले, मनुका कुटल्या नाहीत, चिरडल्या. मुठीच्या पाठीनं मळलं. काही आठवावं लागलं नाही. हात आपोआप चालत होते. मत्सरानं मी तिचं जे जे टिपलं होतं ते सगळं जिथल्या तिथं होतं, तिच्या बांगड्या सारण्यासकट. जाळीतून ऊन माझ्या पाठीवर आलं तेव्हा मला रडू फुटलं, आणि रडतानाही माझी जीभ ओठांच्या कोपऱ्यात होती. फक्त एका ठिकाणी माझे हात तिचे राहिले नाहीत. शेवटी चिमूटभर जायफळ किसून घातलं. एवढं तरी माझं असू दे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निर्मलाच्याच डब्यातून दोन लाडू काढून मी प्रणालीपुढे धरले. तिनं अंगठ्याची खळी पाहिली, चारोळी पाहिली. एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली.

“काकूचे आहेत?” तिनं विचारलं.

इतकी वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. मी केलेत, एवढेच दोन शब्द होते आणि ते ओठांशी आले होते. “व्हय,” मी म्हणाले. “वर फडताळात एक डबा राहिला होता.”

तिनं दुसराही खाल्ला आणि बूट शोधायला उठली. त्यानंतर रोज पहाटे ती दोन लाडू घेई आणि रोज दुपारी मी गच्चीत जाई. तो डबा काही संपेना. लहानशा डब्यात इतके लाडू मावतात कसे, हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चाचणीत ती आठशे मीटर पळाली, पुढचं सगळं पार पडलं, आणि पाऊसकाळ सरता सरता ती प्रशिक्षणाला दूर गेली.

परवा दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “आई, काकूचे लाडू पाठव ना थोडे. इथं समद्या पोरींना पाहिजेत.”

“पाठवते,” मी म्हटलं.

“पण तेच पाठव हं,” ती म्हणाली. “जायफळवाले.”

फोन ठेवल्यावर मी परात घेऊन वर गेले. म्हणजे पहिल्या घासालाच तिला कळलं होतं, आणि इतके दिवस ती माझं खोटं माझ्याइतकंच जपत होती. तरी अजून ती त्यांना काकूचेच म्हणते, आणि खरं सांगते, अजून ते मला लागतं. कठड्यावर खजूर नरम होत होता, त्याचा वास रिकाम्या जिन्यावरून खाली उतरत होता, आणि खाली कपाळाला आठी घालणारं कुणी नव्हतं. काळानं निर्मलाला नेलं. तिच्यावरची माझी जळजळ तेवढी मागे ठेवली, आणि तिचे हात जसेच्या तसे राहिले आहेत ते त्या जळजळीतच.