फॉरवर्ड म्हणजे मागे

आमच्या बंगळूरमधल्या जयनगरच्या ऑफिसात ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, या शब्दाला बंदी आहे. ती घातली प्रणेश सरांनी. लंडनच्या हिलरीला पाठवायच्या मेलमध्ये मी एकदा तो लिहिला, तर सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. म्हणाले, हे शिरसीच्या बसस्टँडवरचं इंग्रजी, लंडनमध्ये असा शब्दच नाही. सगळे खो खो हसले. मी शिरसीच्या कन्नड शाळेतली, सर बंगळूरच्या कॉन्व्हेंटचे. मी मुकाट्याने शब्द खोडला.

हिलरीचे लंडनमध्ये दातांचे दवाखाने आहेत. रुग्णांना वेळ ठरवून देणारं ॲप आम्ही तिच्यासाठी बनवतोय आणि ती टीम माझी आहे. बुधवारी डेमो होता. तिचा मेल आला, डेमो दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केलाय. फॉरवर्ड म्हणजे पुढे. आमच्याकडे काम ‘मुंदक्के’, म्हणजे पुढे टाकलं की ते लांबलं, त्यात शंका कसली घ्यायची? सरांनीही मेल वाचला, खुशीत स्वतःच कॅलेंडरवर शुक्रवार लावला आणि मडिकेरीला सासुरवाडी गाठली.

सोमवारी हिलरी आपल्या डॉक्टरांना घेऊन कॅमेऱ्यासमोर आमची वाट बघत बसली. तिच्या इंग्रजीत फॉरवर्ड म्हणजे अलीकडे.

सर परतले ते कॉफी पावडरचं पाकीट घेऊन, आणि आल्या आल्या मला केबिनमध्ये बोलावलं. हिलरी भडकली होती. नवा डेमो तिने पुढच्या आठवड्यात गुरुवारी ठेवला होता. तिला माफीचा मेल मी लिहायचा, माझं इंग्रजी कच्चं म्हणून घोटाळा झाला असं त्यात कबूल करायचं, आणि वर ‘वेळेचं अचूक इंग्रजी’ शिकवणाऱ्या कुठल्याशा वर्गाला जायचं. नाहीतर टीम तिप्पेस्वामीकडे जाणार.

“सर, शुक्रवार तुम्हीच लावला होता.”

“मी तुझ्यावर भरवसा ठेवला, वेदा. टीम कोणाची आहे?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझं इंग्रजी कच्चं, आणि यांचं पक्कं इंग्रजी सोमवारी मडिकेरीत संत्री सोलत बसलं होतं, त्याचं काय?

तिप्पेस्वामी माझ्या शेजारी बसतो. त्याला माझी टीम नको होती. “अक्का, लिहून टाक ना,” तो म्हणाला. “दोन ओळींनी काय झिजणारेस?”

“दोन ओळी कसल्या? बढतीची वेळ आली की दरवेळी याच काढून दाखवतील. ही बाई कच्च्या इंग्रजीची, तिनेच लिहून दिलंय.”

मेल मी लिहिला. माफी मनापासून मागितली, कारण ती बाई खरंच ताटकळली होती. कच्च्या इंग्रजीचा मात्र उल्लेख केला नाही. लिहिलं, की काम पुढे नेलं म्हणजे आमच्याकडे उशिरा होतं आणि तुमच्याकडे लवकर, फॉरवर्ड दोघांनाही बरोबर वाटतो, तिथेच फसगत होते. लवकर करायचं असलं की आम्ही ‘प्रीपोन’ म्हणतो आणि त्यात कोणी चुकत नाही. सरांना न दाखवता तो पाठवला आणि टेबलाचा खण आवरायला घेतला. आता टीम गेलीच, असं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी हिलरीचं उत्तर आलं, सरांच्या नावावर. सरांनी माझा मेल पाहिलाच नव्हता. त्यांनी उत्तर मोठ्या स्क्रीनवर लावलं. हिलरीचे दोन डॉक्टरसुद्धा शुक्रवार समजून सोमवारी आले नव्हते म्हणे. गुरुवारचा नवा डेमो तिने मंगळवारवर ‘प्रीपोन’ केला होता, आणि तो वेदावतीनेच दाखवावा असं लिहिलं होतं.

सर खुर्चीत मागे रेलले. “बघा, इंग्रजी असावं तर असं. एका शब्दात काम झालं. शिका जरा.”

“सर,” मी म्हणाले, “हा शब्द शिरसीच्या बसस्टँडवरचा आहे.”

या वेळी कोणी हसलं नाही. मी उठले आणि कॅलेंडरवर स्वतःच मंगळवार लावला.